'आले', 'आणले', 'हिसकावले' : व्हिएन्नातील संग्रहालयांचे निवेदन

संग्रहालय ही एक संहिता आहे, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की ते करण्यात कोणतेही धाडस उरलेले नाही. वस्तूंची निवड म्हणजे शब्दांची निवड, दालनांचा क्रम म्हणजे वाक्यरचना आणि एका दालनातून दुसऱ्या दालनात जाणारा दर्शक म्हणजे वाचक, ही समीकरणे चिन्हमीमांसेने आपल्या हाती केव्हाच दिलेली आहेत. परंतु संहिता म्हटली की तिच्यात क्रियापदे आली. आणि क्रियापदाला एकतर कर्ता असतो किंवा तो गाळलेला असतो. या साध्या व्याकरणिक बाबीकडे संग्रहालयाची समीक्षा क्वचितच वळते. प्रस्तुत लेखात व्हिएन्ना शहरातील काही संग्रहालये या एकाच अंगाने वाचण्याचा प्रयत्न केला आहे. तेथे वस्तूंविषयी जी वाक्ये लिहिलेली आहेत, त्यांचा कर्ता कोण?

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे अशा क्रियापदांच्या जोड्या आपल्या भाषेत विपुल आहेत. घटना तीच असते. पण जोडीतील पहिले क्रियापद निवडले की कर्ता वाक्याबाहेर जातो आणि घटना जणू आपोआप घडते. घरात कप 'फुटतो', तो कोणी 'फोडत' नाही, हे प्रत्येक मुलाला व्याकरणाचा तास सुरू होण्याआधीच कळलेले असते. कर्मणी प्रयोगात निदान 'कोणाकडून' असे विचारण्यास जागा राहते. अकर्मक क्रियापद ती जागाही ठेवत नाही. संग्रहालयातील लेबल हे बहुतांशी या पहिल्या क्रियापदाच्या जातीचे असते. वस्तूचे नाव, शतक, प्रदेश, माध्यम, आणि शेवटी बारीक टाइपात 'अमुक साली संग्रहात दाखल'. वस्तू दाखल 'होते'. ती चालत आली असावी, इतक्या सहजतेने.

मीके बाल या डच समीक्षिकेने 'डबल एक्स्पोजर्स' (१९९६) या ग्रंथात प्रदर्शन हे एक भाषिक कृत्य म्हणून वाचले आहे. तिच्या मते प्रदर्शनात एक 'मी' एका 'तू'ला कोणा 'त्या'विषयी काही सांगत असतो; पण या तिघांपैकी 'मी' स्वतः अदृश्य राहतो आणि 'ती' वस्तू तेवढी डोळ्यांसमोर उभी असल्यामुळे तिच्याविषयी जे सांगितले जाते ते आपोआपच सत्य वाटू लागते. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर संग्रहालयाचा निवेदक सर्वज्ञ आणि तृतीयपुरुषी असतो. बालचे हे विवेचन मोलाचे आहे. मात्र त्याचा रोख सांगणाऱ्या 'मी'वर आहे. ज्याने वस्तू घेतली आणि ज्याच्याकडून घेतली, ते दोघे या त्रिकोणात नाहीत. व्हिएन्नात नेमके हेच दोघे पुन्हापुन्हा वाक्यात शिरू पाहतात. या शहराची निवड त्यामुळेच केली आहे.

२० डिसेंबर १८५७ रोजी सम्राट फ्रान्ट्स योझेफ याने शहराची तटबंदी पाडण्याचा आदेश दिला आणि त्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर रिंगस्ट्रासे हा राजमार्ग उभा राहिला. या मार्गावर गोट्फ्रीड झेंपर आणि कार्ल फॉन हाझेनाउअर यांनी बांधलेल्या दोन जुळ्या इमारती समोरासमोर आहेत. एकीत निसर्ग, दुसरीत कला. मध्ये मारिया तेरेसाचा पुतळा. निसर्गाचे संग्रहालय १८८९ मध्ये उघडले, कलेचे १८९१ मध्ये. या मांडणीत निवेदक मुळीच लपलेला नाही. जिन्यावर कानोव्हाचा थिसियस सेंटॉरला ठार करीत असतो, वर खांबांच्या मधल्या जागांत क्लिम्ट बंधू आणि फ्रान्ट्स माच यांनी रंगवलेले कलेचे कालखंड दिसतात, आणि आपण कोणाच्या घरात आलो आहोत याविषयी दर्शकाला शंका राहत नाही. राजा सांगतो आहे, प्रजा ऐकते आहे. साम्राज्य १९१८ मध्ये गेले, वस्तू राहिल्या आणि निवेदकाची जागा मोकळी झाली. लेबलचा अनाम आवाज त्या मोकळ्या जागेत येऊन बसला. आपल्या प्रवासवर्णनांतून या दालनांचा उल्लेख आला की 'डोळ्यांचे पारणे फिटले' हे वाक्य हमखास येते. तेही पारणे 'फिटले' असेच असते. उपास कोणी घडवला हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

याच राजवाड्याच्या नव्या भागात, नॉय बुर्गमध्ये, २०१७ मध्ये नूतनीकरणानंतर उघडलेले वेल्टम्युझियम आहे. तेथील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे केट्झाल पक्ष्याच्या लांब हिरव्या पिसांचे मेक्सिकोतील शिरोभूषण. मोक्तेसुमाचा मुकुट म्हणून ते लोकांच्या तोंडी आहे. पण त्या राजाशी त्याचा संबंध जोडणारा पुरावा नाही. १५९६ मध्ये टिरोलच्या आर्चड्यूक फेर्डिनांडच्या आम्ब्रास येथील संग्रहाची यादी झाली, तीत ते 'मूर' लोकांची टोपी म्हणून नोंदले आहे. अटलांटिकपलीकडून आलेली वस्तू आफ्रिकेच्या खात्यावर चढली. लिहिणाऱ्याला दोन्ही सारखेच 'परके' होते, आणि परक्याला एकच नाव पुरते. त्याआधीचा तिचा प्रवास कागदावर नाही. मेक्सिकोने ती वस्तू अनेकदा मागितली आहे. २०२० मध्येही मागितली. उत्तर असे मिळते, की पिसे आणि त्यांचा आधार इतका नाजूक आहे की विमानातील कंपने तो सोसू शकणार नाही. दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी या वस्तूचा एकत्र अभ्यास केलेला आहे आणि तांत्रिक निष्कर्षावर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. लक्ष वेधायचे आहे ते वाक्याच्या घडणीकडे. नकाराच्या या वाक्यात कर्ता ऑस्ट्रिया नाही. कर्ता पिसे आहेत. 'आम्ही देत नाही' याऐवजी 'ती येऊ शकत नाहीत'. पाचशे वर्षांपूर्वी जी 'आली', तीच आता 'येऊ शकत नाहीत'. दोन्ही क्रियापदे अकर्मक!

लेबलचे हे व्याकरण मोडले ते कलासमीक्षकांमुळे नव्हे, वकिलांमुळे. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला. (येथे मीही 'जोडला गेला' असे लिहून मोकळा होतो आहे. १५ मार्च १९३८ रोजी नॉय बुर्गच्या सज्जातून हिटलरने ही घोषणा केली तेव्हा खालचा हेल्डनप्लाट्झ हा चौक माणसांनी भरून गेला होता.) युद्धानंतर अनेक दशके ऑस्ट्रिया स्वतःला नाझींचा पहिला बळी म्हणवत राहिला. चान्सेलर फ्रान्ट्स व्हरानित्स्की यांनी १९९१ मध्ये संसदेत ऑस्ट्रियन लोकांच्या सहभागाची कबुली दिली, आणि सरकारी संग्रहांतील बळकावलेल्या कलाकृती परत करण्याचा कायदा व्हायला १९९८ साल उजाडले. बळी हा व्याकरणदृष्ट्या कर्म असतो. ज्या राष्ट्राने स्वतःला कर्म मानले, त्याच्या संग्रहालयांत कर्ता सापडत नव्हता यात आश्चर्य नाही.

क्लिम्टने १९०७ मध्ये पूर्ण केलेले आडेले ब्लॉख-बाउअर हिचे सोनेरी व्यक्तिचित्र बेल्व्हेडेर राजवाड्यातील कलादालनात युद्धानंतर सहा दशके होते. नाझी काळात त्या ज्यू स्त्रीचे नाव गाळून 'सोनेरी' चित्रातील कोणी स्त्री अशी त्याची ओळख केली गेली; म्हणजे मालकाच्या आधी विषयच अनाम झाला. युद्धानंतर नाव परत आले, पण सोबत 'दान' हा शब्द आला. आडेलेने १९२३ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात, पतीने आपल्या पश्चात ही चित्रे राष्ट्रीय कलादालनाला द्यावीत, अशी विनंती केली होती. पती फेर्डिनांड १९३८ मध्ये देश सोडून पळाला, त्याची मालमत्ता नाझींनी बळकावली आणि १९४५ मध्ये तो झ्यूरिखला वारला. प्रश्न असा होता, की मृत्युपत्रातील ते वाक्य दान आहे की केवळ विनंती? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मारिया आल्टमान या भाचीचा दावा ऐकण्याजोगा ठरवला. पुढे ऑस्ट्रियातील लवादाने जानेवारी २००६ मध्ये ती विनंतीच होती असा निर्णय दिला आणि पाच चित्रे वारसांकडे गेली. संपूर्ण वाद एका क्रियापदाच्या अर्थावर फिरला. आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांतील भेद शिकवताना यापेक्षा महाग उदाहरण मिळणे कठीण आहे. ते चित्र आता न्यूयॉर्कच्या नॉय गॅलरीत आहे.

परंतु लेबलच्या इतिहासात याहून महत्त्वाचे चित्र दुसरे आहे : एगोन शीलेने १९१२ मध्ये रंगवलेले 'वालीचे व्यक्तिचित्र'. आकाराने लहान, तांबूस केसांची, मोठ्या निळ्या डोळ्यांची मुलगी. हे चित्र लेआ बोंडी यारे या ज्यू कलाविक्रेतीच्या खाजगी मालकीचे होते. १९३८ नंतर तिची गॅलरी फ्रीडरिश वेल्ट्स या नाझी कलाविक्रेत्याने ताब्यात घेतली आणि तिने १९३९ मध्ये लंडनला पळून जाण्यापूर्वी तिच्या राहत्या घराच्या भिंतीवरील हे चित्रही तिच्याकडून काढून घेतले. युद्धानंतर ते अमेरिकन सैन्याच्या हाती लागले, तेथून ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांकडे, तेथून बेल्व्हेडेरमध्ये, आणि १९५४ मध्ये अदलाबदलीने संग्राहक रुडोल्फ लिओपोल्ड यांच्याकडे गेले. १९९७-९८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात असताना तेथील अधिकाऱ्यांनी अडवले. खटला बारा वर्षे चालला. जुलै २०१० मध्ये तडजोड झाली : लिओपोल्ड संग्रहालयाने वारसांना एक कोटी नव्वद लाख डॉलर द्यावेत, चित्र संग्रहालयाकडे राहावे, आणि ते जेथे जेथे मांडले जाईल तेथे तेथे त्याच्या शेजारी त्याच्या मालकीचा खरा इतिहास सांगणारा मजकूर कायम असावा, त्यात ते चित्र लेआ बोंडी यारेचे होते आणि नाझी हस्तकाने ते तिच्याकडून चोरले, हे स्पष्ट असावे.

या शेवटच्या अटीकडे साहित्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहिले पाहिजे. येथे लेबलचा लेखक संग्रहालयाचा अनाम अभ्यासक नाही; दोन भांडणाऱ्या पक्षांनी मिळून लिहिलेली ही संहिता आहे आणि तिच्यामागे न्यायालय उभे आहे. 'दाखल झाले' हे क्रियापद तेथे टिकू शकत नाही. 'चोरले' हे सकर्मक क्रियापद येते, आणि ते आले की कर्ता, कर्म आणि ज्याच्याकडून घेतले ती व्यक्ती ही तिन्ही पदे मागोमाग येतात. शीलेची रेषा बदललेली नाही. पण त्या भिंतीपुढे दर्शकाचे वाचन बदलते. वालीचे टक लावून पाहणे ही एरवी केवळ शैलीची बाब ठरली असती. आता मात्र ती नजर ज्या घरात एकेकाळी रोज पाहिली जात होती त्या घराचा विचार टाळता येत नाही. यामुळे आस्वादात बाहेरची माहिती घुसते, अशी तक्रार आपल्याकडील रूपवादी समीक्षक करील. त्या तक्रारीला एवढेच उत्तर आहे, की बाहेरची माहिती आधीपासून आतच होती. 'संग्रहात दाखल' या शब्दांत ती दडवलेली होती.

आता सिद्धान्ताच्या बाजूकडे वळू. संग्रहालयांवरील विसाव्या शतकातील विचाराचे ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. पहिला पॉल व्हालेरीच्या १९२३ मधील निबंधापासून अडोर्नोपर्यंत येतो आणि कलाकृती संग्रहालयात मरते की जगते, या प्रश्नाभोवती फिरतो. दुसरा फूकोच्या प्रभावाखालचा. टोनी बेनेट यांचे 'द बर्थ ऑफ द म्युझियम' (१९९५) हे त्याचे प्रातिनिधिक पुस्तक. त्यात संग्रहालय ही नागरिकाला वळण लावणारी यंत्रणा ठरते. मराठीत नव्वदीनंतर या दुसऱ्या प्रवाहाची परिभाषा उत्साहाने स्वीकारली गेली आणि तिने पुष्कळ जुने भोळेपण दूर केले, हे मान्यच केले पाहिजे. पण तिच्या वाक्यांची घडण पाहा. 'सत्ता वस्तूंना शिस्त लावते.' 'आधुनिकता परक्याची रचना करते.' 'ज्ञानव्यवहार विषयाला घडवतो.' कर्ता आहे, पण तो भाववाचक नाम आहे. वेल्ट्सने एका विशिष्ट घरातील एका विशिष्ट भिंतीवरून चित्र काढून घेतले, हे वाक्य या परिभाषेत लिहिता येत नाही. लिहिले तर 'सत्तेने अधिग्रहण केले' असे होते, आणि वेल्ट्स पुन्हा सुटतो. लेबलने जे अकर्मक क्रियापदाने केले तेच सिद्धान्त भाववाचक कर्त्याने करतो. त्यातही सिद्धान्ताला आपण उघडकीस आणीत आहोत असे समाधान असते, म्हणून ही गाळणूक अधिक चिवट आहे.

याच कलासंग्रहालयात घडणारी टोमास बेर्नहार्ड यांची 'आल्टे माइस्टर' (१९८५) ही कादंबरी या संदर्भात वाचण्यासारखी आहे. ब्याऐंशी वर्षांचा संगीतसमीक्षक रेगर तीस वर्षांहून अधिक काळ एक दिवसाआड बोर्डोने दालनात येतो आणि टिंटोरेट्टोच्या 'पांढऱ्या दाढीचा पुरुष' या चित्रासमोरच्या बाकावर बसतो. पहारेकरी इर्झिगलर त्याच्यासाठी जागा राखून ठेवतो. मित्र आट्झबाखर ते सारे लिहितो. प्रत्येक श्रेष्ठ कृतीत कुठेतरी दोष असतो आणि तो शोधून काढल्याशिवाय ती सोसवत नाही, ही रेगरची धारणा. कादंबरीत परिच्छेद पाडलेला नाही. आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याला शेपूट आहे : असे रेगर म्हणाला, असे रेगर म्हणाला असे इर्झिगलर म्हणाला, असे आट्झबाखर लिहितो. समीक्षकांनी या शेपटांचा विचार बहुधा लय आणि विनोद या अंगाने केला आहे. संग्रहालयाच्या संदर्भात त्यांचे कार्य वेगळे दिसते. ज्या इमारतीत कोणत्याही वाक्याचा बोलणारा सापडत नाही, तेथे बेर्नहार्ड एकही वाक्य बोलणाऱ्याशिवाय ठेवायला तयार नाही. ही कादंबरी म्हणजे लेबलचा व्यत्यास आहे.

तिच्यातील मध्यवर्ती दुःखही व्याकरणाचेच आहे. रेगरची पत्नी त्याला याच बाकावर भेटली होती. संग्रहालयाकडे येणाऱ्या निसरड्या वाटेवर ती घसरून पडली आणि पुढे मरण पावली. रेगरला 'ती मेली' हे वाक्य मान्य नाही. वाटेवर खडी न टाकणारी नगरपालिका, मदत बोलवायला उशीर करणारे सरकारी संग्रहालय, आणि शस्त्रक्रिया बिघडवणारे कॅथलिक रुग्णालय यांनी, म्हणजे शहर, राज्य आणि चर्च यांनी मिळून तिला मारले, असे तो म्हणतो. 'मरणे'चे 'मारणे' करण्याचा हा आटापिटा हास्यास्पद आहे आणि हृदयद्रावकही. ज्याने आयुष्यभर चित्रकारांना, राजांना, शासनाला एका सुरात दोषी ठरवले, त्याला एका खऱ्या मृत्यूचा कर्ता शोधताना पुन्हा तीच तीन मोठी नावे सापडतात. कर्ता दडवणे आणि कर्त्यांचा सुकाळ करणे, या दोहोंचा परिणाम कधी कधी एकच होतो, हे बेर्नहार्डला ठाऊक होते. पुस्तकाच्या नावाखाली त्याने 'सुखात्मिका' असे लिहिले आहे, ते उगाच नव्हे.

या संग्रहालयात साधा एक गोया नाही, अशी रेगरची एक कुरकुर आहे. नसलेल्या वस्तूविषयीची ही तक्रार आपल्याला बेर्गगास १९ या पत्त्यावर आणून सोडते. येथे सिग्मंड फ्रॉइड १८९१ पासून ४ जून १९३८ पर्यंत राहिला. १९७१ मध्ये उघडलेल्या आणि २०२० मध्ये नव्याने मांडलेल्या या संग्रहालयात, ज्यासाठी जग तेथे येते ती वस्तू नाही. रुग्णांचा तो प्रसिद्ध कोच आणि प्राचीन मूर्तींचा मोठा संग्रह फ्रॉइडबरोबर लंडनला गेला व तो तेथील त्याच्या शेवटच्या घरात आहे. व्हिएन्नात प्रतीक्षालयातील मूळ सामान आहे. उपचाराची खोली मात्र रिकामी आहे, आणि ती रिकामी ठेवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. नकली कोच बसवणे अवघड नव्हते.

अशा रिकाम्या खोलीचे वाचन कसे करावयाचे? पाश्चात्त्य सिद्धान्तातील 'अनुपस्थिती'पेक्षा येथे आपल्या दर्शनांतील अभावविचार अधिक नेमका पडतो. वैशेषिकांच्या परंपरेत अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला गेला. आणि नुसता 'अभाव' असे म्हणता येत नाही, तो नेहमी कशाचा तरी आणि कुठे तरी असतो, असा नैयायिकांचा आग्रह. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जेथे अभाव तो अनुयोगी. घट नसलेली जमीन पाहणाऱ्याला घट माहीत असावा लागतो. असता तर दिसला असता, अशाच वस्तूचे नसणे कळते. बेर्गगासमधील खोली ही अशा जाणत्या दर्शकाची अपेक्षा करते; ज्याला कोच ठाऊक नाही त्याच्यासाठी ती केवळ रिकामी जागा आहे. तथापि या उपपत्तीची मर्यादाही तेथेच कळते. प्रतियोगी आणि अनुयोगी सांगितले तरी घट कोणी नेला, हे त्यात येत नाही. फ्रॉइड कोच घेऊन गेला. त्याच्या चार बहिणी व्हिएन्नातच राहिल्या. नाझींनी त्यांना छावण्यांत पाठवून मारले. कोचाचा अभाव लंडनचे तिकीट काढून भरून निघतो. बहिणींच्या अभावाला असे स्थळ नाही, आणि त्या खोलीपुढे उभे राहिले असता हे दोन्ही अभाव एकमेकांवर चढतात.

कर्ता स्पष्ट असला की सारे सुरळीत होते, असे मात्र नाही. उपयोजित कलांच्या संग्रहालयात, माकमध्ये, अकबराच्या 'हम्झानामा'ची ६० पाने आहेत; एका ठिकाणी इतकी पाने जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. सोळाव्या शतकात मुघल चित्रशाळेने कापडावर सुमारे १४०० चित्रे रंगवली, त्यांतील थोडीच आज उरली आहेत. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटली, तिच्याशी या पोथीच्या पांगापांगीचे नाते अभ्यासक जोडतात. व्हिएन्नातील पाने मात्र १८७३ च्या विश्वप्रदर्शनाच्या वेळी पैसे मोजून विकत घेतलेली आहेत. 'विकत घेतली' हे क्रियापद स्वच्छ आहे. आणि तरीही गोष्ट हरवली! या पोथीत पानाच्या एका अंगाला चित्र आणि दुसऱ्या अंगाला कथेचा फारसी मजकूर आहे. चौकटीत बसवून भिंतीवर टांगले की चित्र दर्शकाकडे येते आणि निवेदन भिंतीकडे तोंड करून उभे राहते. पिंगुळीच्या चित्रकथ्यांची पोथी ज्याने पाहिली आहे, गाणाऱ्याशिवाय त्या चित्रांचे काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे नुकसान वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माकने ही पाने चोरलेली नाहीत. तिने ती चित्रे मानली, एवढेच. वाङ्मयाचे रूपांतर चित्रकलेत करणारा हा व्यवहार कोणत्याही खटल्यात येणार नाही. आपल्या वाङ्मयेतिहासांतही पोथ्या 'सापडतात', बाडे 'उपलब्ध होतात', मठातून विद्यापीठात 'येतात'. कोणाच्या घरातून, कोणत्या बोलीवर, परत करण्याच्या कोणत्या वचनासह, हे तळटीपेतही नसते. व्हिएन्नाकडे बोट दाखवताना ही वाक्ये आठवत राहतात.

शेवटी युडनप्लाट्झ. या चौकातील ज्यू संग्रहालयाच्या शाखेत जमिनीखालून मध्ययुगीन सिनेगॉगचा पाया पाहता येतो. ते १४२१ मध्ये उद्ध्वस्त झाले. केले. ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याच्या हुकमाने शहरातील ज्यूंना हाकलण्यात आले आणि दोनशेहून अधिक जणांना शहराबाहेर जिवंत जाळले. वर चौकात रेचल व्हाइटरीडने केलेले आणि २००० मध्ये उघडलेले काँक्रीटचे स्मारक आहे. तो ग्रंथालयाचा ठोकळा आहे. पुस्तकांचे कणे आत वळलेले, पानांच्या कडा बाहेर. एकाही पुस्तकाचे नाव वा लेखक वाचता येत नाही, आणि दाराला मूठ नाही. पायथ्याशी जर्मन, हिब्रू आणि इंग्रजीत लिहिले आहे, की हे १९३८ ते १९४५ या काळात नाझींकडून मारल्या गेलेल्या ६५,००० हून अधिक ऑस्ट्रियन ज्यूंच्या स्मरणार्थ आहे. प्रयोग कर्मणी आहे, पण 'कडून' आहे. जागा भरलेली आहे. ती भरताना मारले गेलेले 'ऑस्ट्रियन' ठरतात आणि मारणारे फक्त 'नाझी', हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईल.

त्याच चौकातील एका जुन्या घरावर येशूच्या बाप्तिस्म्याचे, पंधराव्या शतकाच्या अखेरीचे शिल्प आहे. त्याखालील लॅटिन लेखात १४२१ च्या हत्येचे वर्णन शुद्धीकरण म्हणून, गौरवाने केलेले आहे. त्या वाक्याला कर्ता आहे : शहरभर उसळलेली ज्वाला. ड्यूक नाही, हुकूम नाही, लाकडे रचणारा कोणी नाही. लेख अजून जागेवर आहे. बहुतेक दर्शकांना लॅटिन येत नसल्यामुळे ते त्याच्याखाली उभे राहून समोरच्या ग्रंथालयाची छायाचित्रे घेतात.